तात्याबाचा शिकलेला कुत्रा

थेरगावात त्या काळी चौथी पास झालेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या निम्म्यांनी शाळा सुटली त्या दिवशी पाटी जी कोनाड्यात ठेवली ती पुन्हा खाली काढली नव्हती. तात्याबा त्यांतला नव्हे. गावात कुणाचं पोस्टकार्ड आलं की ते आधी तात्याबाच्या ओसरीवर यायचं आणि मग ज्याचं त्याच्या घरी जायचं. मयतीचं पत्र असलं की तात्याबा आधी मनात वाचायचा, घसा खाकरायचा, पाणी मागायचा. आणि त्यानं पाणी मागितलं की बायका वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. एकदा त्याला नुसतीच तहान लागली होती. पत्र बारशाचं होतं. पण गोजाबाई जी रडायला लागली ती नातू झाल्याचं ऐकूनही अर्धी घटका थांबेना.

त्याच्या वाचनाला एकच खोड होती. गुरुजींनी लहानपणी ओळीवर बोट ठेवून वाचायला शिकवलं, ते बोट बावन्नाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. बोट ओळीवरून सरकायचं आणि तोंड त्याच्या मागून. बोट उचललं की तोंड बंद. त्यामुळे त्याला कागद हातात धरून वाचता येत नसे. कागद जमिनीवर पसरायचा, दोन्ही गुडघे टेकायचे, चष्म्याची दोरी कानामागं गुंडाळायची, आणि मग बोट चालू.

नोकरी म्हणाल तर पिंपरीला. तिथं औषधाचा मोठा कारखाना निघाला होता आणि त्याच्या शेजारी साहेब लोकांची कॉलनी. त्या कॉलनीतल्या एका बंगल्याच्या बागेवर तात्याबा माळी होता. पहाटे भाकरी बांधून घ्यायची, पवना ओलांडायची आणि दिवस उजाडायला गुलाबाच्या आळ्यात हजर. माळ्यानं बंगल्याच्या मागच्या पायरीच्या आत यायचं नाही असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तात्याबा कधी गेलाही नव्हता. मातीचे पाय घेऊन कशाला जायचं? तीन वर्षांत बागेतल्या गांडुळांशी त्याची ओळख झाली, पण बंगल्याच्या आत फरशी आहे की लाकूड आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढं नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं.

बंगल्यात स्वयंपाकाला मंजुळाबाई होती. दर शनिवारी संध्याकाळी ती मागच्या दारातून आठवड्याच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा तात्याबाच्या हाती द्यायची, आणि रविवारी सकाळी तात्याबाच्या ओसरीवर गाव जमायचं. पंधरा-वीस माणसं. पुढं अर्जुनराव पाटील, मांडी घालून, पागोटं गुडघ्यावर ठेवून. शेजारी दत्तोबा, बैलगाडी हाकणारा, ज्याला बातमीपेक्षा बातमीवर बोलण्यातच रस. गठ्ठ्यात दर वेळी दोन-तीन दिवसांचे पेपर कमी असायचे. तात्याबा म्हणायचा, "साहेब महत्त्वाच्या बातम्या कपाटात जपून ठेवीत असत्याल." त्यामुळे साताऱ्याकडच्या एका खुनाचा खटला थेरगावानं दीड महिना कान देऊन ऐकला, पण निकालाचा पेपर काही आला नाही. आरोपी सुटला का लटकला यावर दत्तोबा आणि पाटलांची पैज लागून राहिली होती ती तशीच.

आणि बंगल्यात पीटर होता. तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडका. जातीचा का काय ते साहेबांनाच ठाऊक. तात्याबा बागेत आला की पीटर धावत यायचा आणि तो खुरपणी करी तोवर शेजारी बसून राहायचा. बंगल्यात तात्याबाची वाट बघणारं तेवढं एकच माणूस. आणि गुण असा की तीन वर्षांत त्यानं एकदाही वाफ्यात पाय वर केला नाही. हिरवळीवर डाग नाही, गुलाबाला धक्का नाही. तात्याबा घरी येऊन सांगायचा, "अगं, कुत्रं न्हाई त्ये. संत हाय."

दिवाळी झाली आणि साहेबांना कारखान्यानं दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला धाडलं. निघताना ते पीटरची साखळी हातात घेऊन मागच्या पायरीवर आले. तात्याबाशी ते पहिल्यांदाच इतका वेळ बोलले.

"तात्याबा, याला तुमच्याकडे ठेवाल? दुसऱ्या कुणाकडे तो राहायचा नाही. त्रास काही नाही. शिकवलेला आहे. घरात घाण करत नाही."

तात्याबाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "साहेब, तुमी बिनघोर जावा. माझ्या पोटच्या पोरावानी ठेवीन."

पोटचं पोर म्हणजे एक मुलगी, ती लग्न होऊन पार शिरूरला. घरात दोघंच. त्यातली दुसरी म्हणजे गवराबाई. गवराबाईचं सारवण गावात नावाजलेलं होतं. तिच्या ओसरीवर बाजरी सांडली तर दाणा न दाणा गोळा करून थेट जात्यात टाकावा, मधे पाखडायची गरज नाही. तिनं दारातच कंबरेवर हात ठेवले.

"ह्ये काय धरून आणलंय?"

"शिकलेला कुत्रा हाय. साहेबांनी सोता सांगितलं. घरात घाण करीत न्हाई."

"शिकलेला? कितवी?"

"अगं, चेष्टा नगं करू."

"ऱ्हाऊ द्या. पर माझ्या जमिनीला डाग पडला तर तुमी आन तुमचा पिट्या, दोघंबी भाईर."

पीटरचा पिट्या तिथंच झाला.

पहिल्या दिवशी पिट्यानं घरात घाण केली नाही. तात्याबानं मिशीवरून हात फिरवला. पण पिट्यानं बाहेरही काही केलं नाही. संध्याकाळी तात्याबा त्याला ओढ्यापर्यंत नेऊन आला, बांधाबांधानं फिरवला, बाभळीपाशी उभा केला. पिट्या बाभळीकडं बघे आणि तात्याबाकडं बघे. दुसऱ्या दिवशी तीच तऱ्हा. पोट तंबोऱ्यासारखं ताठ, चेहरा गरीब. दत्तोबा गाडी घेऊन निघाला होता, त्यानं बैल थांबवले.

"तात्या, काय चाललंय?"

"परसाकडं आणलाय."

"मंग?"

"बसंना."

"तू बसून दाखीव की राव! शिकलेला हाय म्हनतोस, बघून शिकंल."

तिसरा दिवस रविवार. मंडळी जमली. तात्याबानं ट्रंकेतून साहेबांकडचा शेवटचा गठ्ठा काढला, वरचा पेपर झटकून ओसरीवर पसरला, गुडघे टेकले, चष्म्याची दोरी गुंडाळली. मंत्र्याचं भाषण होतं, मुंबई महाराष्ट्राला का द्यायची नाही त्यावर. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं न ठेवलं तोच कोपऱ्यातला पिट्या उठला. हरवलेलं माणूस जत्रेत सापडावं असा त्याचा चेहरा झाला. मंडळींच्या मधून वाट काढत आला, पेपरावर चढला, एकदा गोल फिरला आणि अडीच दिवसांचं साठवलेलं सगळं त्यानं मंत्र्याच्या भाषणावर मोकळं केलं. झाल्यावर शेपूट हलवून तात्याबाच्या तोंडाकडं बघितलं. शाबासकी पाहिजे होती त्याला.

अर्जुनरावांनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. दत्तोबा म्हणाला, "आयला! कुत्र्यालाबी मुंबई महाराष्ट्रातच पायजेल!"

गाव हसलं. गवराबाई हसली नाही. ती शेणाचं पोतेरं घेऊन आली आणि सारवताना तिनं एक शब्द काढला नाही. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो.

बुधवारी तिनं चुलीपाशी एक जुना पेपर अंथरला आणि त्यावर बाजरीचं पीठ चाळायला घेतलं. मीठ आणायला ती उठली, मागं वळली, तर पिट्या पिठाच्या शेजारी, कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यावर, समाधी लागल्यासारखा बसलेला. पीठ वाचलं, पण गवराबाईनं ते म्हशीला घातलं. गोजाबाई शेजारीण, तिनं दृष्ट काढायला सांगितलं. लिंबू उतरून झालं. कुणी म्हणालं नाक घासा. तात्याबा पिट्याची मान धरून दोनदा खाली वाकला, पण त्या पडक्या कानाकडं बघितलं की त्याचा हात ढिला पडायचा. तो आपला हळूच सांगायचा, "असं करू ने रं लेकरा. आपलं नाव जातं."

पुढच्या रविवारी ओसरी भरून वाहत होती. बातमी ऐकायला किती आणि पिट्याला बघायला किती, ते देव जाणे. आणि योगायोग बघा, त्या आठवड्यात बातमीही कुत्र्याचीच निघाली. बंगला बंद असल्यामुळे तात्याबानं हा पेपर कॉलनीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून मागून आणला होता. पिट्याला या खेपेला पडवीत खांबाला बांधलं होतं. तात्याबा वाचू लागला, "रशियानं... एक कुत्री... यंत्रात बसवून... आभाळात सोडली."

"कुठं?" पाटलांनी विचारलं.

"आभाळात. पृथ्वीभवती फिरती हाय म्हनं."

सगळे थक्क. म्हातारे आढ्याकडं बघू लागले. त्या गडबडीत पिट्यानं मान साखळीतून कशी काढली कुणाला कळलं नाही. तो आला, आणि आभाळातल्या कुत्रीवर जमिनीवरचा कुत्रा बसला.

मग मात्र गवराबाई बोलली, आणि सगळ्यांच्या देखत बोलली. "रशियाची कुत्री आभाळात जाती, आन आमचं उकिरड्यापत्तूर जाईना! दत्तूभावजी, येत्या रविवारच्याला शेवटचं बघायचं. तवाबी ह्यानं माझं घर घाण केलं, तर तुमी सोमवारी चाकणला कांदं घिऊन चाललायसा न्हवं? गाडीत ह्यालाबी घाला. तिथं बाजारात कुनीबी सांभाळंल. घरात ऱ्हानार न्हाई म्हंजी न्हाई."

दत्तोबाची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "वैनी, आवो..."

"वैनी-फैनी न्हाई."

त्या रात्री तात्याबानं आपली भाकरी पिट्यापुढं सरकवली. साहेबाला शब्द दिलेला. पोटच्या पोरावानी म्हणालो होतो आपण. पोटचं पोर कुणी कांद्याच्या गाडीतून धाडतं का?

मंगळवारी बंगला उघडला. नवे साहेब आले आणि त्यांच्यामागं मंजुळाबाई, जी बंगला बंद झाल्यापासून लेकीकडं तळेगावला होती. तात्याबानं खुरपं टाकलं आणि मागच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिला.

"मंजुळाबाई, एक इचारू का? पीटर... त्यो हितं परसाकडं कुठं जायचा?"

"कुठं म्हणजे? न्हाणीघरात."

"आवो, साहेबाच्या न्हाणीघरात?"

"मागल्या. साहेबांनी पिलू असल्यापासून सवयच लावली होती ना! बागेत जाऊ द्यायचे नाहीत, हिरवळ जळते म्हणायचे. रोज सकाळी मी पेपर अंथरायचे, तो येऊन बसायचा, मी गुंडाळून टाकायचे. इतका शहाणा, एक दिवस कागदाच्या बाहेर थेंब नाही."

तात्याबा पायरीवर बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा बसला तिथं.

"रोज... पेपर?"

"रोज कुठला एवढा पेपर? पानं फाडून पुरवायचे. तरी आठवड्याचे दोन-तीन जायचेच. म्हणून तर तुम्हाला गठ्ठ्यात कमी यायचे."

म्हणजे तो साताऱ्याचा निकाल! आरोपी सुटला का लटकला ते सगळ्या मुलखात एकट्या पिट्याला माहीत होतं. तात्याबाला हसू फुटलं ते थांबेना. खरंच शिकलेला होता की कुत्रा! साहेबांनी खोटं सांगितलं नव्हतं. फक्त काय शिकलाय ते सांगायचं राहिलं होतं. आणि आपण बिचाऱ्याला दर रविवारी गावासमोर पाट मांडून द्यायचो, आणि तो बसला की रागवायचो.

"आता ही सवय मोडायची कशी वो?"

"मोडू नका. कागद बाहेर न्या. तो कागदामागं येईल. मग रोज कागद लहान लहान करत जा. विसरेल हळूहळू."

हाती चार दिवस होते. तात्याबानं घरी येऊन ट्रंक उघडली. तीन वर्षांचे पेपर तारखेवार लावलेले होते. कुणाला वाटेल रद्दी. पण तात्याबाला विचारा! रोपांना जागा बदलून लावताना जसा तो मुळांची माती जपायचा, तशी त्यानं त्या कागदांची घडी जपली होती. आता त्यातला कुठला काढायचा? आधी त्यानं जाहिरातींची पानं काढली. केसांच्या तेलाची जाहिरात घेऊन तो परसात उकिरड्याशी गेला, ती मातीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. पिट्या मागोमाग आला, हुंगलं, गोल फिरला, बसला. तात्याबानं त्याला तिथंच मिठी मारली. गोजाबाई कुंपणापलीकडून बघत होती. ती म्हणाली, "गवरे, तुझ्या मालकालाबी लिंबू उतीर."

बुधवारी अर्धं पान. गुरुवारी पाव. जाहिराती संपल्या, मग बाजारभाव लागले, बाजारभाव संपल्यावर क्रिकेट. प्रत्येक पान देण्याआधी तात्याबा उकिरड्याशी गुडघे टेकून, बोट ठेवून एकदा वाचून घ्यायचा, आणि पिट्या शेजारी पाय आवळून त्याचं वाचन संपायची वाट बघत बसायचा. शुक्रवारी तर पिट्याला एवढा हुरूप आला की तात्याबा ट्रंकेकडं वळला की तोच कागदाचं एक टोक दातात धरायचा आणि पुढं पळायचा. तात्याबाला वाटलं, काय गुणाचं लेकरू! मदतसुद्धा करतं. शनिवारी कागद तळहाताएवढा होता. घरात चार दिवस डाग नाही. संध्याकाळी गवराबाईच्या हातून पिट्याच्या भाकरीवर ताक जरा जास्त पडलं ते तात्याबानं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

रविवारी जे कधी येत नव्हते तेही आले. दत्तोबा गाडी जुंपायच्या गोष्टी काढत नव्हता. गवराबाई उंबऱ्यात उभी, हातात पोतेरं तयार. ओसरी पहाटेच सारवलेली, हिरवीगार. तात्याबानं नव्या साहेबांकडचा पेपर काढला. दोन मोठे कागद. वरचा पसरला. गुडघे टेकले. दोरी गुंडाळली. बोट ठेवलं. वाचायला तोंड उघडेना.

"वाच की तात्याबा," पाटील म्हणाले, आणि पागोटं आधीच डोक्यावर ठेवलं.

"नवी दिल्ली..." तात्याबा म्हणाला.

पिट्या उठला.

पिट्या माणसांच्या मधून आला. पेपराभोवती एकदा फिरला. हुंगलं. तात्याबाकडं बघितलं, जणू म्हणतोय, आज केवढा मोठा आणलास! मग मान खाली घातली, पेपराचं टोक दातात धरलं आणि मागं मागं ओढत निघाला. नवी दिल्ली तात्याबाच्या बोटाखालून सरकली. बोट तसंच जमिनीवर राहिलं. पेपर उंबऱ्यावरून गेला, गवराबाईनं लुगडं सावरून वाट दिली, पेपर स्वयंपाकघरातून परसात गेला. सगळं गाव उठून मागोमाग. अर्जुनराव पाटीलसुद्धा, एका पायात वहाण. उकिरड्याशी पिट्यानं पेपर टाकला, पुढच्या पायांनी दोनदा सपाट केला, गोल फिरला आणि बसला.

कागद लहान करत करत विसरायला लावायचं होतं. पण पिट्या शिकला ते एवढंच की पेपर कुणीही कुठंही पसरो, तो परसात पोचता करायची जबाबदारी आपली.

तात्याबा गवराबाईकडं बघायला धजेना. आता काय? चाकण?

"दत्तूभावजी," गवराबाई म्हणाली.

"काय वैनी?"

"माझी अट काय व्हती?"

"घर घाण केलं तर..."

"केलं का घर घाण?"

दत्तोबानं ओसरीकडं वळून बघितलं. जमीन लख्ख होती. "न्हाई बा. घराला डाग न्हाई."

"मंग तुमचं कांदं तुमी एकटंच घिऊन जावा." आणि पोतेरं बादलीत टाकून ती आत गेली. जाताना तोंडाला पदर लावला होता, आणि खांदे गदगदत होते. ती रडत नव्हती एवढं नक्की.

"आन बातमी?" पाटलांनी विचारलं.

"बातमी गेली परसाकडं," दत्तोबा म्हणाला, आणि मग जो हशा झाला तो नदीपलीकडं चिंचवडला ऐकू गेला असेल.

मंडळी परत ओसरीवर आली. पेपराचा दुसरा कागद शिल्लक होता. तात्याबा तो पसरायला वाकला, तशी परसातून पिट्याची नखं जमिनीवर टकटकत आल्याचा आवाज आला. तात्याबा चटकन उभा राहिला. कागद त्यानं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. पिट्या खाली बसून वर बघू लागला. दोन्ही हात अडकलेले; बोटाला जागा कुठली? गाव थांबलं. तात्याबानं डोळे बारीक केले, एक अक्षर पकडलं, दुसरं पकडलं, एकदा ओळ चुकली, पुन्हा मागं आला. आणि मग तोंड आपोआप पुढं सरकू लागलं, बोटाशिवाय, बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा.

पुढं पिट्या अकरा वर्षं जगला. ती सगळी वर्षं तात्याबानं उभं राहूनच वाचलं. नवीन कुणी पाहुणा आला की त्याला मोठं अप्रूप वाटायचं. एकदा चाकणकडचे एक सोयरे हात जोडून म्हणाले, "किती आदर! सभेत उभं राहावं तसं बातमीला उभं राहतात."

गवराबाई चहाच्या कपबश्या मांडत होती. ती म्हणाली, "आदर कसला वो. खाली ठिवायची सोय न्हाई."